सातवीची मुलं एकमेकांना पुस्तकं सुचवू लागली की मोठ्यांनी काय करावं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. एका पेचात सापडले आहे, म्हणून हा धागा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वर्गात एक साधी गोष्ट सुरू केली. वाचनपेटीतलं पुस्तक परत करताना मनात आलं तर एका कोऱ्या कार्डावर पुढच्या वाचणाऱ्यासाठी दोन ओळी लिहायच्या आणि कार्ड पुस्तकातच ठेवायचं. नाव लिहायची सक्ती नाही, शुद्धलेखन मी तपासत नाही. आधी कुणी फारसं लिहिलं नाही. मग 'नेगल' या पाळलेल्या बिबट्याच्या पुस्तकात एक कार्ड सापडलं: "हे वाचल्यापासून मी आमच्या वाघ्याला दगड मारत नाही. तू पण वाच." ते पुस्तक त्या आठवड्यापासून पेटीत टिकेना. 'तोत्तोचान'मधल्या कार्डावर लिहिलंय, "रेल्वेच्या डब्यात वर्ग भरतो. अशी शाळा असती तर मी रविवारी पण गेलो असतो." 'वनवास'च्या कार्डावर: "हा मुलगा मनात खूप बोलतो. मी पण बोलते." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: "मी पण."

मी इतकी वर्षं वर्गात पुस्तकांची ओळख करून देते आहे. माझ्या सांगण्यावरून कुणी इतक्या ओढीने पुस्तक उचललेलं मला आठवत नाही.

आता आमच्या वरिष्ठांना हा उपक्रम आवडलाय आणि त्यांना तो आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात घ्यायचा आहे. छापील नमुना तयार झालाय: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, सारांश, मिळालेला बोध, विद्यार्थ्याची सही. गुण पाच. त्यांचा हेतू चांगला आहे, हे मनापासून सांगते. पण मला भीती वाटते की यातून कार्डं मरतील. तुमचे अनुभव काय? आणि मुलांनी सुचवलेलं पुस्तक आपल्याला योग्य वाटलं नाही तर काय करता?

चिंचोका

गुण देऊ नका, ताई. बोध तर मुळीच मागू नका.

कडीपत्ता

अनुमोदन. माझी मुलगी ठाण्यात सहावीत आहे. तिच्या शाळेत दर महिन्याला पुस्तक परीक्षण 'सबमिट' करायचं असतं. पालकसभेला वह्या मांडून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या चाळल्या. बहुतेकांनी मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला होता आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, 'या पुस्तकातून आपल्याला प्रामाणिकपणाचे महत्त्व कळते'. काही परीक्षणं तर उघडच आयांनी लिहिलेली. हल्ली आया पण लिहीत नाहीत, मोबाईलला सांगतात.

हीच मुलगी रात्री मैत्रिणीशी फोनवर अर्धा तास एका पुस्तकातल्या खलनायकाबद्दल तावातावाने बोलत असते. ते बोलणं वहीत कुठेच नसतं.

सह्यवारा

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. वरिष्ठांवर इतक्या लवकर फुली मारू नका.

शाळेत जे कागदावर नसतं त्याला वेळ मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याने (2009) प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत, असं स्पष्ट सांगितलं आहे. तरीही वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका आधी कापली जाते ती गणिताच्या जादा तासासाठी. उपक्रम मूल्यमापनात आला की ती तासिका वाचते. ताईंची उद्या बदली झाली किंवा वर्ग बदलला, तर कार्डांचं काय होणार?

दुसरं असं की, 'मनात आलं तर लिहा' म्हटल्यावर लिहिणारी मुलं ठरावीकच असतात. मागच्या बाकावरच्या एखाद्याला आपलंही मत विचारलं जातं हे कळायला कधीकधी सक्तीचा आधार लागतो.

माझी सूचना: आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत तोंडीकाम आहे, उपक्रम आहे. गुण तिथे द्या. मूल पुस्तकाबद्दल चार वाक्यं बोललं, दुसऱ्याला एक प्रश्न विचारला, की झालं. कार्डाला हात लावू नका.

पाटीपेन्सिल

सर, बदलीचा मुद्दा पटला. तोंडीकामाचा मार्ग माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण बोलायला उभं केलं की मुलं भाषणं ठोकतात, त्यावर काही उपाय?

दर्यावर्दी

आहे. मी तोक्योत राहते. इथल्या शाळांतून 'बिब्लिओबॅटल' नावाचा एक खेळ चालतो. 2007 साली क्योतो विद्यापीठात त्याची सुरुवात झाली, आता तो वाचनालयांत आणि शाळांतही खेळतात. नियम अगदी थोडे. प्रत्येकाने आपल्याला आवडलेलं पुस्तक घेऊन यायचं. पाच मिनिटं बोलायचं, लिहून आणलेलं वाचायचं नाही. मग दोन-तीन मिनिटं बाकीचे प्रश्न विचारतात. सगळ्यांचं झालं की मतदान.

खरी गंमत मतदानात आहे. 'छान कोण बोललं' असं विचारत नाहीत. विचारतात, 'यातलं कुठलं पुस्तक तुला सर्वांत जास्त वाचावंसं वाटतंय?' त्यामुळे जिंकतं ते पुस्तक, बोलणारा नाही.

माझ्या मुलाच्या वर्गात तीन मिनिटांचा छोटा प्रकार करतात. बोलताना अडखळणारा एक मुलगा किड्यांवरचं पुस्तक घेऊन आला. बोलणं थोडकंच, पण त्याने एक पान उघडून सगळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, "हा किडा आपल्या शाळेच्या कुंपणावर आहे. मी बघितलाय." मतं त्यालाच. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग कुंपणापाशी.

खारीबिस्कीट

आपल्याकडे पाच मिनिटं दिली तर त्यातली दोन 'आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' यातच जातील :D

दर्यावर्दी

हाहा, खरंय! म्हणून उभं करूच नका. गोल बसवा, माईक नको, व्यासपीठ नको, पाहुणे तर नकोच.

मोरावळा

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोलत नाहीये. माझा मुलगा सातवीत आहे. वर्गातल्या मित्राने सुचवलं म्हणून नारायण धारपांच्या भयकथांची पुस्तकं घेऊन आला. मित्राच्या आजोबांच्या कपाटातली, एकेक करत वर्गभर फिरताहेत. आता हा रात्री एकटा बाथरूमला जात नाही. मी धारपांची वाचक आहे, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ते लेखन मोठ्यांसाठीचं आहे. मुलं मुलांना सुचवतात हे गोड वाटतं, पण बारा वर्षांच्या मुलाला काय झेपेल हे दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलाला कसं कळणार? तिथे मोठ्यांनी लक्ष घालायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

बाबांचा_चष्मा

मोरावळाताई, आमच्या लहानपणी ही जागा रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांची होती. गिरगावात चाळीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी आम्ही पोरं पैसे जमवायचो, एकाच्या नावावर पुस्तक घ्यायचं आणि परत करायच्या आत ते चार घरांतून फिरवायचं. भूगोलाच्या पुस्तकाला घातलेलं खाकी कव्हर काढून याला चढवायचं. गुरुजींनी पकडलं की पुस्तक जप्त आणि हातावर पट्टी. पण वाचनाचा वेग आम्हाला तिथेच मिळाला. पुढे मी जे काही जाडजूड वाचलं ते त्या वेगाच्या जोरावर. त्या काळी कुठलाही मोठा माणूस आम्हाला पुस्तक सुचवत नव्हता, सगळी शिफारस जिन्यात व्हायची.

मोरावळा

काका, अर्नाळकर वाचून कुणाची झोप उडत नव्हती :) माझा मुद्दा रहस्यकथेचा नाही, भीतीचा आहे. वाचनाचा वेग वाढेल, पण रात्री जागणार मी.

पाटीपेन्सिल

मोरावळाताई, आमच्या पेटीतही एक भुताच्या गोष्टींचं पुस्तक आहे. त्यातलं कार्ड सांगते: "रात्री वाचू नये. मी वाचलं आणि दोन दिवस आईजवळ झोपलो. शाळेत मधल्या सुट्टीत वाच, उजेडात काही वाटत नाही." आणखी एका पुस्तकात एका मुलीने लिहिलंय, "यात शेवटी कुत्रा मरतो. आधीच सांगते, म्हणजे नंतर मला बोलू नका."

एकमेकांना असं सावध करायला मी त्यांना शिकवलेलं नाही. एरवी जबाबदारीने वागा म्हणून आपण कंठशोष करतो, ती इथे आपणहून आली. तरी पेटीत काय ठेवायचं ते मीच ठरवते, आणि मोठ्यांसाठीची पुस्तकं मी ठेवत नाही. घरच्या कपाटातून येणाऱ्या पुस्तकांवर माझा ताबा नाही. तिथे पालकांनी मुलाशी बोलावं. मात्र वर्गातून जप्ती नको असं मला वाटतं.

रानजाई

मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तुमचं सगळं वाचताना छान वाटतंय, पण आमच्याकडे अडचण कार्डाच्या कितीतरी आधी सुरू होते. पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप. का, तर प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढलेलं असतं आणि हरवलं किंवा फाटलं तर शिक्षकाने भरून द्यायचं. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव करायचा म्हणजे किती कागद, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. त्यामुळे पुस्तकं कोरी करकरीत राहतात आणि तपासणीला छान दिसतात. मी कपाट उघडलं तेव्हा सहकाऱ्यांनी प्रेमाने समजावलं, "मॅडम, पगारातून कापतील." अजून कापलेले नाहीत.

आमच्या मुलांची घरची बोली पावरी. मराठी त्यांच्यासाठी शाळेतली भाषा. सातवीत येऊनही काही मुलं जोडाक्षरं अडत वाचतात. त्यांना चित्रांची पुस्तकं हवी असतात, पण ती हातात घ्यायची लाज वाटते, कारण बाकीचे 'बालवाडी' म्हणून चिडवतात. यावर आम्ही एक केलं. सहावी-सातवीच्या मुलांना शनिवारी पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम दिलं. आता चित्रांची पुस्तकं चाळायला त्यांच्याकडे कारण आहे! माधुरी पुरंदरेंची राधाची आणि यशची पुस्तकं घेऊन मोठमोठी पोरं ओसरीवर बसून सराव करतात. कुठलं पुस्तक दुसरीला चालेल, कुठे पोरं हसतात, कुठे कंटाळतात, यावर त्यांची चर्चा चालते, आणि ती पावरीत. मी मध्ये पडत नाही. मला अर्धीच कळते, पण पुस्तकाचं नाव आणि चेहऱ्यावरचे भाव कळतात.

एका मुलाने मला येऊन सांगितलं, "मॅडम, ते मांजरीचं पुस्तक सोमाला देऊ नका, तो भरभर पानं उलटतो. त्याला ट्रॅक्टरचं द्या." (मुलाचं नाव बदललं आहे.) तो स्वतः अजून अडखळत वाचतो.

सह्यवारा सर, छापील नमुन्यातला 'सारांश' या मुलांनी कुठल्या भाषेत लिहायचा, सांगा.

सह्यवारा

रानजाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या शाळेत तो नमुना नकोच. निर्लेखनाबद्दल एक सांगतो. वापरून जीर्ण झालेली पुस्तकं काढून टाकण्याची तरतूद असते. वर्षअखेरीला शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घेऊन ठेवा, इतिवृत्तात नोंद असू द्या. उद्या कुणी विचारलं तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

रानजाई

हे कामाचं सांगितलंत, सर. पुढच्याच सभेत घेते.

तळटीप

मी पुण्यात एका बालवाचनालयात काम करते. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी अजून जुनी चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर सभासदाचं नाव आणि तारीख लिहितो. संगणक आल्यावर ती काढून टाकणार होतो, मुलांनी काढू दिली नाही. आठवी-नववीतली मुलंसुद्धा पुस्तक उचललं की आधी मागचं पान उघडतात. कोणी वाचलंय? अमक्याने वाचलंय म्हणजे मारामारी असणार, तमकीने वाचलंय म्हणजे रडायला येणार. एक मुलगी वर्षभर एकाच मोठ्या मुलीच्या मागोमाग वाचत होती. दोघींची ओळख नव्हती. ती चिठ्ठी एवढीच काय ती शिफारस.

ग्रंथपालनाच्या पहिल्याच वर्षी आम्ही ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे 1931 सालचे पाच नियम घोकले होते. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आम्ही सूची करतो, मांडणी करतो, प्रदर्शनं भरवतो. पण धूळ खात पडलेल्या पुस्तकाला वाचक मिळवून देण्यात वर्गातल्या एका बोलक्या मुलाची बरोबरी आम्हाला करता येत नाही.

एक धोकाही सांगते. बोलकी मुलं चार पुस्तकं उचलून धरतात आणि सगळे त्याच चारांच्या मागे लागतात. बाकीची तशीच. शिवाय ज्याला वर्गात मित्र नाहीत, त्याला सुचवणार कोण आणि त्याचं ऐकणार कोण? म्हणून पाटीपेन्सिलताई, तुमचं निनावी कार्ड फार महत्त्वाचं आहे. सहीचा रकाना आला की पहिला फटका त्याच मुलांना बसेल.

खारीबिस्कीट

मागच्या चिठ्ठीवरून पुस्तक निवडणं! अगदी अगदी. आमच्या गावच्या वाचनालयात फास्टर फेणेच्या एका पुस्तकात कुणीतरी प्रत्येक 'टॉक्'खाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि शेवटी एकूण आकडा लिहिला होता. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलेलं, "एक चुकला, परत मोज." मी मोजत बसलो. फुरसुंगीच्या बन्याने मला जेवढं वाचायला लावलं नसेल तेवढं त्या दोघांनी लावलं.

न्यूजर्सीकर

इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो. मुलं 11-12 वर्षांची. मराठी बोलतात बऱ्यापैकी, वाचतात हळू. ही मुलं आपसांत इंग्रजी चित्रकादंबऱ्यांची देवाणघेवाण करतात हे लक्षात आल्यावर आम्ही ठरवलं की पुस्तक कुठल्याही भाषेतलं आणा, सुचवायचं मात्र मराठीत. 'तो विलन आहे ना, तो ॲक्चुअली तिचा भाऊ असतो' असलं मराठी होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

कोंदण

हे नाही पटलं. मराठी शाळेत येऊन इंग्रजी पुस्तकांचाच प्रचार? मग मराठी पुस्तक कोण उघडणार? आधीच इथे महाराष्ट्रात मुलं इंग्रजी मालिकांच्या मागे धावताहेत.

न्यूजर्सीकर

कोंदण, तुमची तळमळ कळते. पण आमच्याकडे मराठी पुस्तक मूल उघडतं ते कुणीतरी त्याला त्याबद्दल मराठीत उत्साहाने बोललेलं ऐकल्यावर. ते बोलणं आधी तयार व्हावं लागतं. 'बोक्या सातबंडे' आमच्या वर्गात असाच शिरला, एका मुलीने भारतातून येताना आणला आणि सगळ्यांना सांगत सुटली.

कोंदण

ठीक आहे, परदेशापुरतं मान्य. इथे मराठी माध्यमाच्या वर्गात पेटी मराठीचीच असावी या मतावर ठाम आहे.

घुमट

गोव्यातल्या फोंड्याहून. आमच्या वर्गात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही पुस्तकं एका फळीवर असतात. मुलांची कधी तक्रार आली नाही, तक्रार फक्त मोठ्यांची असते.

तळटीप

भाषेचा वाद वेगळ्या धाग्यावर घेऊया का? :) एक व्यवहाराची गोष्ट सांगते. ज्या मुलाला अख्खं पुस्तक संपत नाही त्याला एकच गोष्ट सुचवायला सांगा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. 'अमक्या दिवाळी अंकातली तमकी गोष्ट' एवढी शिफारस पुरते. दोन पानांची गोष्ट असली की ऐकणाराही लगेच वाचतो, आणि 'तू सांगितलंस ते वाचलं' हे त्याच दिवशी कळतं. माधुरी पुरंदरेंनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे कुमार गटाचे भागही यासाठी चांगले, त्यात वेचे आहेत. मूल एक वेचा निवडून सुचवतं आणि मग मूळ पुस्तक शोधत आमच्याकडे येतं.

कडीपत्ता

वाचनखूण साठवली. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले होते. त्यात न वाचण्याचा हक्क आहे, पानं गाळण्याचा आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचाही आहे. ताई, अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल पण कार्ड लिहू देता का?

पाटीपेन्सिल

कडीपत्ता, हो. एक आहेच: "पान 40 ला सोडलं. क्रिकेट येईल वाटलं होतं, नाही आलं. ज्याला क्रिकेट नको त्याने घ्या." ते एकीने घेतलं आणि संपवलं.

काल वरिष्ठांशी बोलले. सह्यवारा सरांचा तोंडीकामाचा मार्ग आणि दर्यावर्दीताईंचं मतदान, दोन्ही समोर ठेवलं. नमुन्यातून 'बोध' आणि 'सही' निघाले. 'सारांश' ऐवजी 'हे पुस्तक वर्गात कोणाला आवडेल आणि का' असा रकाना आला. तो नमुना तोंडीकामाच्या नोंदीसाठी मी भरायचा, मुलांनी नाही. कार्डं जशी होती तशी राहणार. पाच गुण राहिले आहेत. ते सगळ्यांना समान मिळतील असं मी बघेन, आणि हे मी त्यांना सांगूनच करणार आहे.

सह्यवारा

छान झालं. सगळ्यांना समान गुण मला अजूनही खटकतात, पण तासिका टिकली हे मोठं.

चिंचोका

ताई, या निमित्ताने विचारतो. भाची सहावीत गेली आहे, तिला वाढदिवसाला पुस्तक द्यायचंय. रहस्य आवडतं, मारामारी नको. तुमच्या सातवी ब ला विचाराल का?

पाटीपेन्सिल

आज विचारलं. बरीच नावं आली, भांडणंही झाली. एक गट फास्टर फेणेवर अडून बसला, दुसरा म्हणाला त्यात मारामारी असते. शेवटी त्यांनी तुमच्यासाठी उत्तर ठरवलं आहे: "आधी तिला विचारा, शेवटचं कुठलं पुस्तक तिने एका दिवसात संपवलं. ते कळल्याशिवाय आम्ही सांगणार नाही."

चिंचोका

बरोबर आहे पोरांचं. रविवारी जाणार आहे तिच्याकडे, विचारून इथेच लिहितो.